डॉ. भोयरांच्या नावावरचे उल्लेख

“नुसता आकडा टाइप करून द्या, बाई. बाकीचं मी बघतो,” डायरेक्टर केळकर म्हणाले. ते इतके खुशीत होते, की मला पुढे बोलायला जागाच मिळाली नाही.

आकडा डॉ. भोयरांचा होता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी नागपूरच्या एका संशोधन संस्थेत लायब्ररियन होते. भोयरांचा छोटासा इलेक्ट्रॉनिक्स सेक्शन बंद करून त्यांची बाहेरगावी बदली करायची, असं वर घाटत होतं. कारण एकच, त्यांचे लेख फार थोडे होते. त्यावर निर्णय घ्यायला दिल्लीहून कमिटी येणार होती. केळकरांना सेक्शन वाचवायचा होता. म्हणून त्यांनी मला भोयरांची सायटेशन्स मोजायला लावली.

शास्त्रज्ञ लेख लिहितो तेव्हा शेवटी आधीच्या कोणकोणत्या लेखांचा संदर्भ घेतला तेही लिहितो. असा तुमच्या लेखाचा एक उल्लेख म्हणजे एक सायटेशन. जगभरचे असे उल्लेख गोळा करून छापलेले जाडजूड खंड आमच्याकडे यायचे. अक्षर मुंगीएवढं. भिंग घेऊन बसायचं आणि नावाखालचे उल्लेख मोजायचे. भोयरांच्या एका जुन्या लेखाला संस्थेतल्या कोणाच्याही लेखापेक्षा जास्त उल्लेख निघाले. केळकर खूश झाले ते यावर.

भोयर सावनेरकडच्या शेतकरी घरातले. शर्टाच्या बाहीला सोल्डरिंगचे डाग कायमचे. आमच्या संस्थेचा कम्प्युटर एसी खोलीत राहायचा, आत जाताना चपला काढाव्या लागायच्या. भोयर मात्र टिफिनएवढ्या डब्यात कम्प्युटर बसवून तो संत्र्याच्या बागेत नेऊन ठेवत. “कम्प्युटर काहून खोलीत बसून राहीन, बाई? उद्या तो पंपात राहीन, पंख्यात राहीन, शिलाई मशीनमधी राहीन,” असं ते म्हणायचे. कँटीनमध्ये लोक हसायचे. तेही हसायचे.

डब्याचं काम सोपं होतं. जमिनीत दोन सळया रोवायच्या. माती ओली असली की त्यांच्यामधून वीज जास्त जाते, कोरडी असली की कमी. डबा ते मोजून पंप चालू-बंद करायचा. किती वीज गेली म्हणजे किती ओल, याचा तक्ता भोयरांनी काही वर्षांपूर्वी छापला होता. गाजलेला लेख तोच.

कमिटीसमोर ठेवायला बरे दिसतील म्हणून मी, ज्यांत भोयरांचा उल्लेख होता ते काही लेख कपाटातून काढले आणि सहज एक वाचला. ‘भोयर यांचा तक्ता आमच्या रेताड जमिनीत लागू पडला नाही.’ दुसरा लाल मातीचा. तिथेही तेच. पुढच्या लेखांमध्ये तर सभ्यतासुद्धा कमी होत गेली होती. भोयरांचा लेख जगभर गाजला होता, तो चुकीचा म्हणून.

मी लेख घेऊन त्यांच्याकडे गेले. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी एकेक वाचला. कान लाल झाले. मला वाटलं, आता चिडतील. ते खुर्चीत बसले आणि हसायला लागले.

“मी सगळ्या सळया आमच्याच वावरात गाडल्या, बाई. काळ्या मातीत. आन लिहून टाकलं, कोणत्याबी जमिनीत चालते म्हणून. लोकं माझी चूक सुधारून राहिले आन मले पत्ताच नाही. हे सगळे मले द्या.”

त्यानंतर ते लायब्ररीतच दिसू लागले. दुसऱ्यांनी मोजलेल्या मातीवरून ते प्रत्येक जमिनीचा वेगळा तक्ता बसवत होते.

केळकरांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. कमिटी काही लेख उघडून बघणार नाही, आपण आकडा द्यावा आणि गप्प बसावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

“पण मी उघडून पाहिले ना, सर,” भोयर म्हणाले.

केळकरांनी आकड्याचा कागद माझ्याकडे परत सरकवला. मग मला म्हणाले, आकड्याखाली दोन ओळी खुलाशाच्या घाला.

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर प्रोफेसर. भोयरांनी त्यांना आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. प्रोफेसरांनी एवढंच विचारलं, की काळ्या मातीत तरी चालतं का? भोयर म्हणाले, जीप काढा, दाखवतो.

खापा गावाजवळ शामराव चौधरींच्या बागेत डबा बसवलेला होता. आठच दिवसांपूर्वी त्यात मुंग्या शिरून तो बंद पडला होता आणि भोयरांनी दुरुस्त केला होता, हे कमिटीला माहीत नव्हतं. भोयरांनी ओल्या मातीतल्या सळया उपटून कोरड्या जागी रोवल्या. आता पंप सुरू व्हायला हवा होता. झाला नाही. सगळे डब्याकडे बघत राहिले. भोयर पुन्हा मुंग्या तर नाहीत ना हे बघायला वाकले.

“लाइन नाही, साहेब,” शामराव शांतपणे म्हणाले.

मग वीज येईपर्यंत आम्ही झाडाखाली बसून संत्री खाल्ली. प्रोफेसर पाय मोकळे करायला उठले आणि नेमके पाइपच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. तेवढ्यात लाइन आली, कोणीही हात न लावता पंप सुरू झाला आणि त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. ते बाजूला झाले नाहीत. वाकून डबा बघत राहिले. मग शामरावांना विचारलं, याचा तुम्हाला उपयोग काय?

“मले दोन दिवस लेकीच्या घरी जाता आलं, साहेब. लाइन कवा येईन म्हणून पंपापाशी बसून राहा लागत नाही आता.”

सेक्शन राहिला, बदली टळली. डबा आणखी तऱ्हेतऱ्हेच्या जमिनींत नेऊन बघा, असं कमिटीनं लिहून दिलं. भोयरांनी वेगवेगळ्या तक्त्यांचा नवा लेख लिहिला आणि ज्यांनी ज्यांनी त्यांना चूक ठरवलं होतं, त्या सगळ्यांचे त्यात आभार मानले.

त्या बिनचूक लेखाला फारसं कोणी विचारलं नाही. मी रिटायर होईपर्यंत लोक जुन्याच लेखाचा उल्लेख करत होते, तो चुकीचा आहे हे सांगायला. भोयरांचा आकडा त्यामुळे वाढतच गेला. पुढे कोणी सायटेशन्स मोजून मागितली, की मी आकड्यासोबत दोन लेखही वाचायला द्यायची. आकडा लोक घेऊन जायचे. लेख बहुतेक वेळा टेबलावरच राहायचे.