सुखदेवभाऊंच्या पिकअपमधला गारवा

रविवार, २२ मे १९५५. चांदा. आकाश स्वच्छ, वारा पडलेला. सकाळी नऊलाच झळा सुरू.

जुन्या गाडीचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. मी लाकडाच्या डेपोत कारकून. रोज चार ओळी लिहायची मला सवय आहे. गेल्या महिन्याभराची पानं चाळली, तर अर्ध्याहून जास्त आमच्या पिकअपचीच निघाली. लढाईनंतर लष्कराने विकून टाकलेली ही गाडी. दुपारी तिच्या पत्र्यावर हात ठेववत नाही.

आणि तिच्यात गारवा आणायचा होता. आमचे ड्रायव्हर सुखदेवभाऊ. त्यांची बायको शांताबाई नववा महिना लागून माहेरी, वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या पुढे. आधीची दोन्ही बाळंतपणं गावातच झाली होती. दोन्ही मुलं गेली. या खेपेला चांद्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: आठ दिवस आधी इथे आणा, पण वाटेत ऊन लागू देऊ नका.

सुखदेवभाऊ तेव्हापासून जेवताना अर्ध्यावरून उठायचे.

*

नागपूरला एका श्रीमंताच्या मोटारीला मी खिडकीबाहेर टांगलेला डबा पाहिला होता. त्याचं चित्र माझ्या वहीत होतं. आत वाळ्याची मुळं, वर पाण्याची टाकी. दोरी ओढली की पाणी वाळ्यावर झिरपतं, आणि गाडी पळू लागली की समोरची झळ त्यातून गार होऊन आत येते.

चित्रावरून रज्जाकभाई टिनवाल्यांनी तुपाच्या डब्याचा तसाच डबा करून दिला. सुखदेवभाऊंनी तो घरच्या अंगणात गाडीला बसवला, पाणी भरलं आणि मला शेजारी घेऊन निघाले. जटपुऱ्याच्या वेशीपाशी गाय आडवी आली. त्यांनी ब्रेक दाबला. टाकीतलं सगळं पाणी माझ्या मांडीवर.

त्यांनी गाडी सुरू केली, समोर बघत विचारलं, "बाबू, गार वाटून राह्यलं ना?"

*

टाकीला झाकण बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर डब्यात वाळा नाही. शेजारणीची बकरी मडगार्डवर चढून अर्धा खाऊन गेली होती, उरलेला अंगणभर.

बाजारात वाळा मिळेना. सगळा कचेऱ्यांच्या खिडक्यांवरच्या ताट्यांना गेला होता. मग सुखदेवभाऊंनी धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, कोंबली आणि भिजवली. दोन दिवसांत ती आंबली. केबिनमध्ये गोठ्याचा वास सुटला. जंगल नाक्यावर शिपायाने दांडा खाली टाकला आणि जनावरं कुठे नेता, पास दाखवा म्हणाला. मागचा हौदा रिकामा. त्याने पुढचं दार उघडलं. आत सुखदेवभाऊंशेजारी मी एकटा.

त्याने मला खालीवर पाहिलं. "याईचा पास?"

*

मूल गावाहून ओळखीच्या माणसाने वाळा पाठवला. पण आता सुखदेवभाऊंना नवीच काळजी: गारवा बाहेर निघून गेला तर? त्यांनी पलीकडची काच गच्च चढवली, फटींत चिंध्या कोंबल्या. मी थर्मामीटर घेऊन बसलो. अर्ध्या तासात माझा चष्मा धुरकट झाला, सदरा अंगाला चिकटला. पारा एकशे आठ फॅरनहाइटवर.

गाडी तशीच रज्जाकभाईंच्या दुकानापुढे नेली. सुखदेवभाऊंचा आवाज रडवेला झाला होता. अशात तिला आणली तर काय होईल, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

रज्जाकभाईंनी चिंध्या उपसल्या, काच उतरवली. "हवा जायले वाट नाई ठेवली, तं येईन कुठून?"

परत येताना पारा चौऱ्याण्णव.

*

सोमवारी शांताबाईंना आणायला गेलो, रात्री त्यांच्या माहेरीच राहिलो. मंगळवारी पहाटे निघून उन्हाआधी चांदा गाठायचा बेत होता, पण निघतानाच चाक बसलं आणि नदीवर पोचायला अकरा वाजले. केबिनमध्ये सुखदेवभाऊ, शांताबाई आणि शांताबाईंची आई. मी मागे हौद्यात, वाऱ्यात छत्री टिकेना म्हणून डोक्यावर ओलं धोतर घेऊन.

उन्हाळ्यात नदीच्या वाळूतून गाडी न्यायची तर काठावरचे ढिवर, म्हणजे नदीवरचे कोळी, बांबूचे तट्टे अंथरतात. चाक पुढे गेलं की मागचा तट्टा उचलून पुढे टाकायचा. त्यांचे म्होरके लक्ष्मणभाऊ. त्यांनी निघण्याआधी एकच गोष्ट सांगितली: मधात थांबायचं नाही.

अर्ध्या पात्रात टाकी रिकामी झाली. शेजारीच पाण्याची धार. सुखदेवभाऊंनी गाडी थांबवली, बादली घेऊन उतरले आणि टाकी काठोकाठ भरली. परत बसले तेव्हा मागची चाकं तट्ट्यासकट निम्मी वाळूत गेली होती.

लक्ष्मणभाऊंनी फावडं आणायला माणूस पाठवला.

उभ्या गाडीत तो डबा वारा कुठून देणार? सुखदेवभाऊ तरी दोरी ओढतच होते. शांताबाईंचं तोंड लाल झालं होतं, ओठ सुकले होते. आई पदराने वारा घालत होती. टाकी संपली, ते पुन्हा बादली घेऊन धावले.

"त्या डब्याले काऊन पाणी पाजून राह्यले?" शांताबाई म्हणाल्या. "मले उतरवा."

आईचा हात धरून त्या धारेपर्यंत गेल्या आणि लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात बसल्या. आईने वर माझी छत्री धरली. अकरा ढिवर, सुखदेवभाऊ आणि मी गाडीला लागलो. पन्नास मिनिटं. लक्ष्मणभाऊंनी गाडी दुसऱ्या काठावर चढवून घेतली, तेव्हा सुखदेवभाऊ पाण्याशी गेले आणि चल म्हणाले.

शांताबाईंनी ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं. "थांबा जरासं. तुमच्या गाडीपेक्षा इथी बरं हाये."

आणखी दहा मिनिटं थांबलो.

दवाखान्यात पोचलो दोन वाजून पंचवीस मिनिटांनी. गुरुवार, १९ मे, सकाळी सात वाजून दहा मिनिटं: मुलगी. वजन पावणेसहा पौंड. मायलेकी दोघी बऱ्या.