शेजाऱ्यांच्या गाडीचा मागचा दिवा

१९९३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या एका गावात पोलिसांनी माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला विम्याशिवाय मोटार चालवल्याबद्दल पकडले. मोटार त्यांची नव्हती. हे कळल्यावर अंबरनाथमध्ये कोणालाही आश्चर्य वाटले नाही.

वस्तू एकाच माणसाची असते, ही कल्पना भावोजींना कधी पटलीच नाही. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्स ऑफिसर होते आणि कारखाना सुटल्यावर उरलेल्या गावाचा मेंटेनन्स पाहत. कोणाकडे गेले की चहा येईपर्यंत तिथला पंखा खाली उतरलेला असे. एका बारशाला पाळण्याची कडी करकरते म्हणून त्यांनी बाळ आजोबांच्या हातात दिले आणि पाळणा सोडवला. बाळाला नाव मिळायला संध्याकाळ झाली. त्यांची स्वतःची स्कूटर बिल्डिंगमधला कोणीही नेई. संकोचणाऱ्याला ते समजावत, "अरे, विमा गाडीचा असतो, माणसाचा नसतो. ने बिनधास्त." इथे ते खरेही होते.

एकदा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून ते भलत्याच माणसाची स्कूटर घेऊन आले. रंग तोच, आणि जुन्या कुलपाला किल्ली कुठलीही चाले. दुसऱ्या दिवशी तिचा मालक, एक सिंधी कापडवाला, भावोजींच्या डिकीतल्या कागदांवरून पत्ता काढून त्यांच्याच स्कूटरवर दारात हजर झाला.

"साब, वो मेरी गाडी है."

"मालूम पडा. क्लच एकदम ढीला था. टाइट करके रखा है."

"अरे साईं, पूछना तो था!"

"किसको पूछता? आप थे किधर?"

त्या माणसाकडून पुढे दर दिवाळीला मिठाई येऊ लागली.

पुढे कारखाना सोडून ते एकटेच इंग्लंडला गेले. तिथे त्यांची नोकरी मोटारीने गावोगाव जाऊन यंत्रे दुरुस्त करण्याची होती. परवाना गेला तर नोकरी जाणार होती. इकडे ताईने शाळेचा राजीनामा दिला होता, तिची आणि भाचीची तिकिटे निघाली होती. अशात भावोजींचे शेजारी, एक निवृत्त गृहस्थ, पाय मोडून इस्पितळात गेले. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून इंजिन सुरू करा, असे सांगून त्यांनी गाडीची किल्ली भावोजींकडे दिली. भावोजींनी इंजिन सुरू केले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागचा दिवा गेल्याचे पाहिले. बल्ब आणायला ते त्याच गाडीतून निघाले. दिवा लागत नाही म्हणूनच पोलिसांनी थांबवले. विमा होता, पण त्यात चालक म्हणून नाव एकट्या शेजाऱ्यांचे होते. तिथे गाडीबरोबर माणूसही विम्यात असावा लागतो.

ताईने स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून फोन केला. परदेशातून बोलताना भावोजी इतके ओरडत, की दाराबाहेर उभ्या असलेल्या मलाही सगळे ऐकू आले.

"दुसऱ्याच्या गाडीला हात लावल्याशिवाय राहवत नाही का हो तुम्हाला?"

"अगं, दिवा गेला होता."

"त्यांचा ना?"

"त्यांचाच. ते पडलेत इस्पितळात. मग कोण बघणार?"

"आणि आमचं कोण बघणार? मी राजीनामा देऊन बसलेय इथे."

यावर भावोजींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. पुढचे मला बाहेर ऐकू आले नाही.

कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर त्यांनी दिवा आता लागतो एवढेच सांगितले. त्यांना दंड झाला आणि काही महिन्यांसाठी परवाना गेला. कंपनीने त्यांना काढले नाही. तेवढे महिने वर्कशॉपमध्ये बसवले.

ताई आणि भाची ठरल्याप्रमाणे गेल्या. विमानतळावर त्यांना न्यायला शेजाऱ्यांची गाडी आली होती. पाय बरा झालेले शेजारी स्वतः चालवत होते. भावोजी त्यांच्या बाजूला बसले होते. घर येईपर्यंत त्यांनी गाडीत कशालाही हात लावला नाही, असे ताईने फोनवर सांगितले.