'वाफा' या नावाचा मालक कोण?

तुमच्यापैकी जे 'वाफा' वापरतात, त्यांनी हे आधी वाचा.

आज सकाळी इंझोरीच्या गजाननभाऊंचा फोन आला. त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. कोणत्या बाजारात उद्या कोणती भाजी जास्त येणार, हे शेतकरी एकमेकांना ज्यावर कळवतात, ते आमचं मोफत ॲप म्हणजे 'वाफा'.

"काहून हो, तुमी बी धंदा मांडला काय? वाफा आता पैसे मागून राह्यला!"

त्यांनी मालेगावच्या एका दुकानातून नवं ॲप टाकून घेतलं होतं. नाव तेच, चिन्ह तेच, कंपनी भलतीच. ॲपचा कोड आम्हीच सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. तो कुणीही घ्यावा, विकावाही, तक्रार नाही. पण कंपनीने नावही स्वतःच्या नावे नोंदवलं आहे. दुपारी त्या कंपनीचा आम्हालाच मेल आला: 'वाफा' हे नाव वापरणं थांबवा.

नाव नोंदवायचा विषय सुरुवातीला निघाला होता. "कायले? आपन काय प्लॉट पाडून राह्यलो?" असं आमच्यातला एकजण म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. फुकट वाटायच्या वस्तूवर मालकी सांगणं आम्हाला हावरटपणाचं वाटलं.

मी गजाननभाऊंना परत फोन करून हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे. पन माह्या फोनात तुमचा वाफा कोनता, हे मले कसं समजन?"

शेतकरी कोड वाचत नाहीत. ते नावावर विश्वास ठेवून माहिती देतात, आणि ती आता कंपनीकडे जाते आहे.

नाव बदलावं, तर हा विश्वास कंपनीकडेच राहतो. कोर्टात भांडावं, तर निकाल लागेपर्यंत लोक फसत राहतात. तुम्ही काय केलं असतं?