वर्षाचा उभ्यानं काढलेला ईसीजी

ईसीजीची पट्टी तिसऱ्यांदाही साफ नॉर्मल निघाली आणि टेबलावर झोपलेली वर्षा रडायला लागली. रिपोर्ट चांगला आला म्हणून रडणारा पेशंट मी पहिल्यांदाच पाहिला.

मी तेव्हा पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात ईसीजी टेक्निशियन होते. वर्षा मोहगावकडच्या शाळेत नवीन शिक्षिका, अजून प्रोबेशनवर. सकाळच्या प्रार्थनेला उभी राहिली की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. हेडसरांनी फिटनेस सर्टिफिकेट मागितलं होतं, नाहीतर नोकरीवर पाणी. आमचे डॉक्टरसाहेब टेन्शनची गोळी लिहायच्या बेतात होते.

"ताई, मी नाटक नाही करून राहिली," ती म्हणाली. "झोपली का बरं वाटते. उभी झाली का सुरू."

मला स्वतःचाच राग आला. शाळेत ती कोसळली की लोक आधी तिला आडवं करायचे, मग नाडी बघायचे. मीही तेच करत होते. ईसीजी झोपवूनच काढायचा, हे हातात बसलेलं. उभ्याचा त्रास आम्ही सगळे मिळून झोपवून शोधून राहिलो होतो, बाप्पा!

मी साहेबांना म्हटलं, "सर, दहा मिनिटं उभी करून बघू."

"ताई, बाहेर लाइन लागली आहे."

"लागू द्या. या पोरीची नोकरी जाते."

साहेब धुसफुसत आले. उभी केल्याबरोबर मशीनचे छातीला चिकटवलेले रबरी फुगे टपाटप गळाले, म्हणून ठोके मोजण्यापुरते हातापायांचे चिमटेच ठेवले. झोपून ठोके होते अठ्ठ्याहत्तर. दोन मिनिटांत एकशेदहा झाले. सातव्या मिनिटाला एकशेअठ्ठावीस, आणि बीपी मात्र जागच्या जागी. तिचे पाय लटपटले तसं साहेबांनीच तिला धरून बसवलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"पॉट्स दिसतं," साहेब हळूच म्हणाले.

उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. रक्तवाहिन्या आवळून ते वर ढकलायचं काम आपल्या नकळत चालणारी मज्जासंस्था करते. ती चुकली की हृदय धावधाव धावतं, त्या आजाराचं नाव पॉट्स. नागपूरच्या डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्या करून तेच नक्की केलं. भरपूर पाणी, ते सांगतील तेवढं जादा मीठ, घट्ट मोजे आणि बसून करायचा व्यायाम लावून दिला.

साहेबांनी सर्टिफिकेट लिहिलं: शिकवायला फिट, प्रार्थनेला खुर्ची द्यावी. हेडसर कुरकुरले, पण खुर्ची दिली. वर्षा परमनंट झाली. पेढे घेऊन आली तेव्हा साहेबांच्या आधी माझ्या हातावर एक ठेवला, आणि मी तो साहेबांच्या समोरच खाल्ला.

तेव्हापासून चिमटे लावण्याआधी मी प्रत्येक पेशंटला विचारायची, "त्रास होते तेव्हा तुम्ही काय करत असता?"