शेवंतीसाठी शेजारती

श्रूजबरीतल्या सुनेत्राकाकूंच्या बेसमेंटचा जिना उतरलं की उजव्या हाताला देव आणि डाव्या हाताला शेवंती. मधे जेमतेम पाच पावलं. देव्हारा मनोहरकाकांनी या घरात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात स्वतः केला, सागवान परवडेना म्हणून ओकचा. शेवंती मात्र काकूंच्या धाकट्या बहिणीची, आसावरीची.

आसावरी जर्सी सिटीत चौदाव्या मजल्यावर राहायची. तिच्या हातभर रुंद बाल्कनीत दर दिवाळीला पिवळीधमक शेवंती फुलायची आणि ती गजरा करून फोटो पाठवायची. लेक नेत्रा कॉलेजात होती तेव्हापासून तिला सांगायची, "तुझ्या डोहाळेजेवणाला मी बाजारची फुलं आणणार नाही बघ. वेणी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं या शेवंतीचं." नेत्रा कपाळाला हात लावायची. "आई, आधी मला ग्रॅज्युएट तर होऊ दे."

तीन वर्षांपूर्वी आसावरी गेली. घर आवरायला गेलेल्या काकूंनी बाकी काही मागितलं नाही. तीन कुंड्या गाडीत घातल्या, एक तर चार तास मांडीवर धरली. पण श्रूजबरीत आल्यापासून त्या झाडांनी एक फूल दिलं नव्हतं. अंगणात ठेवली तर ऑक्टोबरात बारीक कळ्या धरायच्या आणि पहिल्या फ्रॉस्टला काळ्या पडायच्या. मग काकांनी बेसमेंटमध्ये रॅक केला, वर ग्रो लाइट टांगला. तिथे कलमं लावून तिनाच्या चौदा कुंड्या झाल्या, झाडं वाढली, एवढी की शेंडे दिव्याला टेकून करपले. पण कळी म्हणून नाही.

आणि अक्षय्य तृतीयेला नेत्राचा फोन आला.

"मावशी, न्यूज आहे. नोव्हेंबरची ड्यू डेट." हसली, थोडं रडली, मग म्हणाली, "आईची ती यलो फुलं... तुझ्याकडे आहेत ना अजून?"

"आहेत," काकू म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "काय आहेत? काठ्या आहेत नुसत्या."

"मग काय सांगायचं होतं पोरीला? नाहीत म्हणून?"

डोहाळेजेवण चोवीस ऑगस्टला ठरलं, श्रावणातल्या शनिवारी. शेवंती ऑगस्टात फुलवायची. नर्सरीतला माणूस ऐकून हसला. कॉलेजात नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की सगळा खेळ उजेडाच्या तासांचा आहे, पण त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. शेवटी काका हळूच म्हणाले, "हे ज्याला येतं असा माणूस दोन गल्ल्या सोडून राहतो."

काकूंना कळलं होतं कोण ते.

सुशांत मूळचा अकोल्याचा, शेतकी पदवीधर. इकडे येऊन वीस वर्षं कंप्युटरवर काढली आणि सिटिझनशिपची शपथ झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात नोकरी सोडून गांजा पिकवणाऱ्या एका लायसन्सवाल्या कंपनीत रोपांकडे बघायला लागला. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये त्याला कायद्याची आडकाठी नाही. घरी सहा झाडंसुद्धा लावता येतात, कुलपात ठेवली की झालं. पण इथल्या मराठी मंडळात त्याचं नाव 'गांजावाला' पडलं ते पडलंच. आणि काकूंचं अवघडलेपण त्याहून मोठं होतं. गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत नैवेद्याची जबाबदारी त्यांची होती. सुशांतने घरून मोदकांचा डबा आणला, तेव्हा काकूंनी तो घेतला, "ठेवते हं" म्हणाल्या, आणि देवापुढे न ठेवता टेबलाखाली सरकवला. आरती संपल्यावर सुशांतने तो तिथून उचलून नेला. काकूंनी त्याला उचलताना पाहिलं होतं.

तरी गेल्या. बेल वाजवून दारात उभ्या राहिल्या आणि आत जायच्या आधीच म्हणाल्या, "सुशांत, माझं एक काम आहे. पण आधी ते मोदकांचं. चुकलं माझं."

सुशांत दाराला हात लावून उभा राहिला. "काकू, मोदक बरे झाले होते. मी सगळे एकट्याने खाल्ले," तो म्हणाला. "या आत. चहा टाकतो."

चहा झाल्यावर त्याने कुलूप काढून खालची खोली दाखवली. काकूंनी पदर नाकाला लावला होता, तो हळूहळू खाली आला. त्यांना वाटलं होतं तसं भयंकर काही नव्हतं. काळ्या तंबूत चार झाडं होती आणि त्यांची एकही फांदी सरळ वर गेलेली नव्हती. मऊ तारेने सगळ्या आडव्या वाकवून कुंडीच्या कडेला बांधल्या होत्या, त्यामुळे वरून बघितलं तर हिरवं ताट दिसत होतं.

"यांना असं जखडून का ठेवलंयस?"

"मोकळं सोडलं तर एकच शेंडा वर पळतो, दिव्याला जाऊन चिकटतो, आणि खालच्यांना उजेड मिळत नाही. शेंडा खाली आणला की बाजूचे डोळे जागे होतात. एकाच्या जागी आठ-दहा शेंडे. शेवंतीचे शेंडे तुम्ही नुसते खुडले तरी चालेल, ती लगेच फुटते."

"खुडायचं नाही," काकू म्हणाल्या. "घरात पोर गरोदर असताना मी वाढत्या झाडाचा शेंडा मोडणार नाही."

सुशांतला हसू आलं असणार, पण त्याने चेहरा सरळ ठेवला. "मग वाकवा. वेळ जास्त लागेल, पण जमेल. आणि पंजा उघडून झाडावर धरा, त्या पंजाएवढं अंतर तरी दिव्यापर्यंत पाहिजे. हाताला चटका बसत असेल तर झाडालाही बसतो."

मग त्याने मुख्य गोष्ट सांगितली. गांजा काय आणि शेवंती काय, दोघांची रीत एक. दिवस मोठा आहे तोवर नुसतं वाढायचं. रात्र बारा तासांची झाली की समजायचं हंगाम आला, आणि फुलायला लागायचं. बेसमेंटमधला दिवा काकू रोज सतरा-सतरा तास चालू ठेवत होत्या, म्हणजे खाली आणल्यापासून झाडांच्या लेखी जूनच चालू होता.

"पण अंधार केल्या केल्या झाड आधी उंच होतं, मग फुलतं," तो म्हणाला. "माझी तर दुप्पट होतात. म्हणून निम्म्या उंचीवर असतानाच अंधार सुरू करायचा. तुमची एवढी नाही वाढणार, पण जागा सोडा. नऊ आठवडे धरा. एक जूनला सुरू केलंत तर तीन आठवडे हातात राहतात."

काकूंनी घरी येऊन जुन्या इरकलीचे काठ फाडले, बोटभर पट्ट्या केल्या आणि रोज दुपारी एक एक फांदी हळूच वाकवून कुंडीला बांधली. दोन मोडल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. बाकीच्या मानल्या. मे संपेपर्यंत बांधलेल्या फांद्यांवर सगळीकडे हिरवे डोळे फुटले. एक जूनला काकांनी टायमर लावला, सकाळी सात ते संध्याकाळी सात. खिडक्यांना जाड फॉइल चिकटवलं.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या शेवटी शेंड्यात मुगाएवढी कळी दिसायला हवी होती. दिसली ती पानं, आणखी पानं. नेत्राचा फोन यायचा, "मावशी, फुलं कशी आहेत?" आणि काकू म्हणायच्या, "येतायत." चौथ्यांदा म्हणून त्यांनी फोन काकांच्या हातात दिला.

सुशांतने फोनवर विचारलं, "रात्री लाइट बंद असतो ना, काकू?"

"बंदच असतो रे. मी स्वतः बघते."

बावीस जूनच्या शनिवारी तो स्वतः आला. पावणेसात वाजता तिघं खाली गेले. सातला टायमरने ग्रो लाइट बंद केला. सुशांत म्हणाला, "आता पाच मिनिटं कोणी बोलू नका. नुसतं बसू."

डोळे सरावले. मग सुशांतने स्वतःचा हात समोर धरला आणि बोटं मोजून दाखवली. काकांना काकूंच्या बांगड्या दिसल्या. काकूंना देव्हाऱ्यापुढच्या चौरंगावरची पोथी दिसली आणि तिच्यावरची मोठी अक्षरं वाचतासुद्धा आली.

"काकू," सुशांत म्हणाला, "हा उजेड कसला?"

"कुठला?" म्हणत काकूंनी मान वळवली. देव्हाऱ्यात महिरपीच्या मागे दोन छोटे बल्ब होते. घर झाल्यापासून ते कधी विझले नव्हते. "तो देवाचा दिवा आहे."

"आणि पहाटे?"

"पहाटे साडेचारला मी पूजेला येते. ट्यूब लावते, दीड तास." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. "तू लाइट विचारलास. मी देवाचा दिवा लाइटमध्ये धरलाच नाही."

काका हसायला लागले होते, काकूंचा चेहरा बघून थांबले.

"रोज ऐन मध्यरात्री कोणी तुमच्या तोंडावर टॉर्च मारला तर तुम्ही झोपाल का?" सुशांत म्हणाला. "त्यांची रात्र झालीच नाही अजून. आजपासून मोजायचं. आज बरोबर नऊ आठवडे उरलेत. हातातले तीन गेले." त्याने इकडे तिकडे पाहिलं. "देव वर नेता येतील?"

"प्रतिष्ठा केलेले देव आहेत. फर्निचर नाही."

"रॅक?"

"तो मी छताला बोल्ट केलाय," काका म्हणाले. "पडदा लावू मधे."

"पडद्यातून फटी राहतात, काका. आणि पहाटेच्या ट्यूबचं काय?"

दोन बल्ब जळत होते. काकूंना आठवलं, या घरात आले तेव्हा त्यांनी देवाला शब्द दिला होता की परक्या देशात तुला अंधारात ठेवणार नाही. आणि त्यांना नेत्राचा आवाज आठवला, 'आहेत ना अजून?' दोन्ही शब्द त्यांचेच होते.

त्या उठल्या. कपाटातून निरांजन काढलं, वात लावली, वरून वाटीत दूध आणलं, साखर घातली.

"अगं, आता काय?" काकांनी विचारलं.

"मोठ्या देवळांत रात्री शेजारती करतात ना? देवाला दूध दाखवतात, पांघरूण घालतात, दार ओढून घेतात. आत मग काळोखच असतो, आणि कोणी म्हणत नाही की देवाला अंधारात ठेवलं. म्हणतात, देव झोपला." काकूंनी निरांजन ओवाळलं. "माझे देव इथे सव्वीस वर्षं जागे आहेत. मीच त्यांना झोपू दिलं नाही."

"पण सात वाजता? बाहेर ऊन आहे."

"तुम्ही टीव्हीपुढे साडेसातला घोरता, तेव्हा कोणी बोलतं का?"

त्यांनी लहानशी रेशमी शाल देवांवर घातली, निरांजन वर नेलं आणि खाली येऊन बल्बचं बटण दाबलं. सुशांतने पुन्हा हात समोर धरला. या वेळी कोणालाच काही दिसलं नाही.

पहाटेची पूजा मात्र काकूंना जड गेली. चाळीस वर्षांची साडेचारची सवय होती. जाग यायचीच. मग त्या वर स्वयंपाकघरात अंधारात बसून जप करायच्या आणि सात वाजता, टायमरचा दिवा लागला की, खाली जाऊन देवांना उठवायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांना सारखं वाटायचं आपण उशिरा आलो. नंतर वाटेनासं झालं. रोज संध्याकाळी सातला कोणी फोन केला तर काका सांगायचे, "ती देवांना झोपवतेय. दहा मिनिटांनी कर."

तेरा जुलैला शाल काढून, देवांना उठवून काकू रॅककडे वळल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. एका वाकवलेल्या फांदीवर, इरकलीच्या पट्टीच्या शेजारी, हिरवं बटण आलं होतं. त्यांनी चष्मा पुसला. दुसरं होतं. दुपारपर्यंत त्यांनी एकशे सात मोजली, आणि काकांनी पुन्हा मोजून एकशे बारा सांगितली, त्यावरून दोघांचं थोडं भांडणही झालं. नेत्राला फोटो गेला. तिने उत्तरात आसावरीचा बाल्कनीतला एक जुना फोटो पाठवला.

चोवीस ऑगस्टच्या आदल्या रात्रीच नेत्रा आणि तिचा नवरा अनीश जर्सी सिटीहून आले होते. सगळी फुलं काही उमलली नव्हती. चाळीस-बेचाळीस पुरती पिवळी, बाकीची अर्धी मिटलेली. कंबरपट्ट्याला पुरली नसती. काकूंनी तो सोडून दिला आणि वेणी, बाजूबंद आणि हातातली कंकणं केली. वेणीत मुद्दाम अर्धमिटल्या कळ्या घातल्या, कारण आसावरी तशाच घालायची; संध्याकाळपर्यंत केसांतच उमलतात म्हणायची. सुशांतला आमंत्रण होतं. तो मोदक घेऊन आला. काकूंनी डबा सगळ्यांदेखत हातात घेतला, खाली नेला आणि देवापुढे ठेवून मगच वाढायला काढला.

ओटी भरली, जेवणं झाली. वर गाणी चालू होती. सातला पाच कमी असताना काकूंनी दुधाची वाटी घेतली. जड पावलांनी नेत्राही मागून जिना उतरली. सुशांत खाली कुंड्या बघत होता.

"काकू, आता काळोखाची गरज नाही," तो म्हणाला. "कळ्यांना रंग आलाय. त्या थांबायच्या नाहीत. बल्ब खुशाल चालू ठेवा."

नेत्राने वेणीला हात लावला. सकाळी मिटलेली एक कळी तिच्या बोटांना मऊ, उघडी लागली.

"त्यांना नसेल रे गरज," म्हणत काकूंनी शाल उलगडली आणि तिचं एक टोक नेत्राच्या हातात दिलं. "देवांना सवय लागलीय. धर गं, हळूच घाल, आणि वरच्यांना सांगून ये, जरा हळू गा म्हणावं."