आत जाऊन येणारा सेल्समन

सीताबर्डीच्या त्या दुकानातून पंखा, इस्त्री, कूलर सगळं मी एकाच सेल्समनकडून घेतलं; नाव मात्र कधी विचारलं नाही. पन्नाशीचा माणूस, बोलता बोलता खोक्यावरची धूळ तळहातानं पुसायचा. दुकानाच्याच वेबसाइटवर तीच वस्तू स्वस्त असायची. गिऱ्हाइकानं मोबाइल पुढे केला की म्हणायचा, "थांबा भाऊ, मॅनेजरले विचारून येतो." आत जायचा, पडलेल्या चेहऱ्यानं परतायचा. "लय सांगून पाहिलं. नाहीच म्हणून राहिले."

परवा मिक्सरच्या भावासाठी तो असाच आत गेला. वॉरंटीचं विचारायला मीही मागून गेलो. आत दुसरं कोणीच नव्हतं. खोक्यांच्या मधोमध तो एकटाच भिंतीकडे पाहत उभा होता.

"मॅनेजर कुठे आहेत?"

"मॅनेजर आता राहिला कुठं? भाव मुंबईहून ठरते." तो खाली पाहत म्हणाला, "पण गिऱ्हाइकाले तोंडावर नाही कसं म्हणू? त्याले वाटलं पाहिजे, आपल्यासाठी कोणीतरी बोललं." मग म्हणाला, "तुम्ही मोबाइलवरूनच घ्या. माल इथूनच भेटते."

"मग विक्री तुमच्या नावावर लागेल?"

"नाही. या महिन्यात एकही नाही लागली."

तरी मी त्याच्यासमोरच मोबाइलवर ऑर्डर दिली. त्यानं मिक्सर आणून माझ्या हातात दिला आणि दारापर्यंत आला.

"येतो," मी म्हणालो.

"आता यायचं काम नाही पडणार, भाऊ," तो म्हणाला. "घरबसल्याच होऊन जाते."