वेशीतली गाडी

कानिफनाथाची आई साळूबाई भर पेठेत, बैलगाडीतच गेली. शेतात साप चावला होता. सोनईच्या पुढच्या त्या बाजारगावात दवाखाना पेठेच्या पलीकडच्या टोकाला, आणि वाटेत आप्पासाहेब पेंडवाल्याची गाडी आडवी. कानिफ त्याच्या पाया पडला. ओट्यावर सुपारी कातरत आप्पासाहेब म्हणाला, "बैल सोडल्यात. आता गाडी काय मी वढू?" हे वाक्य कानिफनं काळजावर गोंदवून घेतलं.

त्या मरणानंतर पेठेतली कोंडी मोडायला ग्रामपंचायतीनं कर बसवला. गाडी वेशीबाहेर सोडा, नाहीतर पावती फाडून आत न्या. वेशीवरच्या नाक्याचं काम कानिफनं मागून घेतलं. आता आप्पासाहेबाच्या नाकी नऊ आणतो, असं त्याला वाटलं. कसलं काय! गोरगरिबांच्या गाड्या बाहेर राहिल्या, आणि मोकळ्या झालेल्या पेठेतून आप्पासाहेबाच्या गाड्या खुशाल पावती फाडून घुंगरं वाजवत जाऊ लागल्या. कानिफ आतल्या आत जळायचा. पैशानं या माणसाला चिमटासुद्धा बसणार नव्हता.

एकाहत्तर साली पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आप्पासाहेबाची पेंडीची गाडी ऐन वेशीत आली. गाडीवान गहिनीनाथाजवळ पैसे नव्हते. एरवी कानिफ उधारीवर सोडायचा, आज अडून बसला. मालकाला निरोप गेला. उत्तर आलं, "जेवून, झोप काढून येतो म्हनावं. त्याला कसली घाई?"

कानिफला खरंच घाई नव्हती. दिवस कलला तशी त्यानं घरून लोणी-हळदीची वाटी आणली.

"गहिनीदादा, सांज झाली. बैलांचं खांदं मळा की."

गहिनीनाथानं बैल सोडले, खांदे मळले. एकदा खांदमळणी झाली की पोळा सरेपर्यंत बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. तेवढं पाप त्या गावात कुणी केलं नसतं. अंधार पडल्यावर मालक आला, "सकाळी गडी वढतील" म्हणून परत गेला, आणि गाडी वेशीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी वेशीला तोरण, बाहेर आप्पासाहेबाचा मानाचा बैल सजलेला, त्याच्यामागं सगळ्या गावाचे बैल, आणि मधे त्याचीच गाडी. मानाचा बैल गेल्याशिवाय कुणाचाच बैल जाईना. गडी आपापले कासरे धरून उभे, गाडीला हात लावायला एक पुढं येईना. ओरडून ओरडून आप्पासाहेबाचा घसा बसला. शेवटी फेटा उतरवून तो आपल्या पोरांबरोबर जुवाखाली वाकला.

कानिफ वाटी घेऊन जवळ गेला.

"मालक, तुमचं बी खांदं मळू का?"

वेस हसून हसून लोळली. आप्पासाहेबानं मान वर केली नाही, गाडी ओढली. कानिफला बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं. फक्त त्या दिवशी ही गाडी अशीच हलली असती, तर आई दवाखान्यात पोचली असती.